तीन दिवसांच्या आतलं इंजेक्शन

एटापल्लीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासते. टेबलावर नळ्या जमतात, त्याहून गोष्टी जास्त जमतात. नळ्या संध्याकाळी फेकता तरी येतात, गोष्टींचं काय करायचं?

*

लता पहिलटकरीण. गट निघाला निगेटिव्ह. म्हटलं, नवऱ्याचंही रक्त पाहावं लागेल. नवरा दिलीप हात खिशात घालून उभा. "मायं कायले? पोट तिचं हाय."

समजावलं. तुमचा गट पॉझिटिव्ह असला आणि बाळानं तो घेतला, तर बाळंतपणात ते रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आणि तिचं अंग त्याच्याशी भांडायला शिकतं. या बाळाला सहसा काही होत नाही. पुढचं मात्र पिवळं पडतं, कधी हातीही लागत नाही. म्हणून बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन.

एवढ्यातून दिलीपनं एकच उचललं. गावभर सांगत सुटला, "लेकराचं रक्त मायंच राह्यणार, लॅबवाल्या बाई म्हणल्या!"

पुढच्या खेपेला लता दिलीपकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, मंग ते इंजेक्शन यायलेच टोचा."

*

ते इंजेक्शन उज्ज्वला सिस्टरच्या फ्रिजमध्ये असतं. नव्या डॉक्टरसाहेबांनी एकदा जागा करायला तो डबा बाहेर काढून आपलं दही आत ठेवलं. सिस्टरनं अदलाबदल केली आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, दही बाहेर लागते. हे बाहेर नासते."

*

लताच्या गटाचं रक्त ऐन वेळी मिळणं कठीण. माझ्या माहितीतला एकच माणूस, चौकातले सलीमभाई टेलर. फोन केला की कात्री टाकून निघतात. एकदा गळ्यात टेप तसाच, पडून रक्त देत होते, तर मागोमाग एका नवरीची आई भांडायला हजर. ब्लाउज अर्धवट, हळद दुसऱ्या दिवशी. तिनं सुई पाहिली, पिशवी पाहिली, गुपचूप स्टुलावर बसली. जरा वेळानं म्हणाली, "भाऊ, डाव्या हातातून द्याचं होतं. उजव्यानं शिवाचं हाय ना."

*

लतासाठी सलीमभाईंना सांगून ठेवलं होतं. पण कळा लवकर आल्या आणि ती घरीच बाळंत झाली. नशीब, सुखरूप. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी. सिस्टर बर्फाच्या डब्यात इंजेक्शन घेऊन निघाल्या, बाळाचा गट पाहायला मी सोबत.

दारात दिलीपची आई, पार्बताबाई, चौकटीला हात लावून आडवी. "पाचवी झाल्याबिगर बाहेरचं माणूस आत नाई."

दिलीप गयावया करून राह्यला, सिस्टर घड्याळ दाखवून राह्यल्या, बाई हलायला तयार नाही. माझा पारा चढला. म्हटलं, "आज नाही टोचलं आणि पुढचं लेकरू पिवळं होऊन गेलं, तर मले बोलू नका."

"पिवळं?" तिनं चौकटीवरचा हात काढला.

बाळ पॉझिटिव्ह निघालं. लताला इंजेक्शन दिलं. मी सामान आवरत होते, तर पार्बताबाईनं आपलं बोट पुढं केलं. "मायंबी पाहा."

पाहिलं. निगेटिव्ह.

दिलीप तिचा पहिला. त्याच्यामागचे तिघं पिवळे पडून आठवड्याच्या आत गेले, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मग लताच्या कुशीत दूध पिणाऱ्या नातवाकडे पाहून म्हणाली, "मंग बाई, मायं दूध खराब नव्हतं?"