आबांचं मशीन आणि तायडेनाना

श्री. भिकनराव तायडे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या मांडीवर काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होता. धुळ्याहून जळगावपर्यंत एस.टी.त तो मी मांडीवरच धरून आणला होता, कारण टपावर टाकायला वडिलांनी सक्त मनाई केली होती. नानांच्या दुकानात स्टुलावर बसल्यावरही तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही. नाना म्हणाले, “ठेवा बाई आता. इथे खड्डे नाहीत.”

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. माझे वडील, आबा, धुळ्यात गणिताचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर आणि आई गेल्यानंतर रोज संध्याकाळी तबकड्या ऐकणं हाच त्यांचा दिवस होता. त्यांचं मशीन, म्हणजे हा अॅम्प्लिफायर, घोगरं वाजू लागलं होतं. नानांनी ते उघडलं आणि एक मेणकट, फुगलेला कंडेन्सर दाखवला. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज जाऊ द्यायचा आणि विजेचा जोर मात्र अडवायचा, हे त्याचं काम. तो गळू लागला की पुढचा व्हॉल्व्ह तापतो आणि स्वर फाटतो. नानांनी त्या जागी चांगल्या जातीचा नवा कंडेन्सर बसवला आणि जुना एका वापरलेल्या पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“तुमचा आहे. नवा नाही आवडला तर परत लावून देईन.”

ही त्यांची पद्धत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात जातो आणि पाकीट मालकाकडे. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच भाग बदलायचा. मग आठ दिवस ऐकायचं, आणि मगच पुढचा. बोदवडजवळच्या खेड्यातून आलेल्या नानांनी हे काम रावेरला लग्नांचे लाउडस्पीकर सांभाळता सांभाळता शिकून घेतलं. शाळा सातवीपर्यंतच झालेली. एकदा शिंदखेड्याला लग्नात वरबाप म्हणाले, “नाना, आवाज वाढवा, शेजारच्या गावाले ऐकू जाऊ द्या.” नाना म्हणाले, “शेजारच्या गावाला पत्रिका पाठवली होती ना? मग येतीलच की ते.” आणि आवाज होता तेवढाच ठेवला.

पुढच्या काही वर्षांत आबांच्या मशीनचे बरेच भाग बदलले. विजेची घरघर कमी करणारे मोठे कंडेन्सर आले, जुने सुरसुरणारे रेझिस्टर गेले. प्रत्येक वेळी आबा आठ दिवस खूश असत आणि मग म्हणत, “तंबोऱ्याचा झंकार येत नाही पहिल्यासारखा.” नाना पुन्हा येत, पुन्हा एक भाग बदलत. त्याबरोबर आमच्या कपाटातली पाकिटंही वाढत गेली.

त्याच सुमारास धुळ्याच्या आमच्या संगीत मंडळाने आपला मोठा अॅम्प्लिफायर नानांकडे सोपवायचं जवळजवळ ठरवलं होतं. नानांच्या दृष्टीने ते मोठं काम होतं. धुळ्यात नाव झालं असतं. मंडळाच्या बैठकीत आबांना मत विचारलं गेलं आणि आबा म्हणाले, “माझं चांगलं मशीन तायड्यांनी बिघडवलं.” आबांच्या कानाला गावात मान होता. काम दुसरीकडे गेलं.

मीही मागे राहिले नाही. मी नानांना एक कडक पत्र लिहिलं. तुमच्या प्रयोगांपायी एका वृद्ध माणसाचा एकुलता एक आनंद गेला, असं त्यात होतं. वाक्य बरं जमलं आहे, असंही तेव्हा वाटलं होतं. नानांचं उत्तर कार्डावर आलं: “बाई, पत्र पोचले. मशीनला काही झाल्यास कळवावे, येईन. जुने भाग जपून ठेवावेत. आबांना नमस्कार.” स्वतःच्या बाजूने त्यात एक अक्षर नव्हतं. मला ती कबुलीच वाटली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी जळगावला गेले तरी त्यांच्या दुकानावरून गेले नाही.

गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण घरी आली. ती गाणं शिकवते. आबांनी तबकडी लावली होती. ती दारातच थांबली आणि म्हणाली, “अगं, काय वाजतंय हे! तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येते!”

आबांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. “काय म्हणते ती?”

मी मोठ्याने सांगितलं, “मशीन फार छान वाजतं म्हणते!”

आबांनी तबकडीवरची पिन उचलली. मग म्हणाले, “वाजणारच. तायड्यांनी केलंय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या बैठकीनंतर, माझं पत्र जाण्याआधीच, त्यांनी नानांना बोलावून जुना कंडेन्सर परत लावायला सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत शिकवायला गेले होते. नानांनी पाकिटातून तो काढून लावला, तबकडी वाजवली आणि विचारलं, “काही फरक?” आबा म्हणाले, “काहीच नाही.” नानांना मात्र स्वर फाटलेला स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी तो भाग काढला, नवा परत बसवला आणि हळूच विचारलं, “सर, तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का?” आबांनी घड्याळ कानाला लावलं, मग दुसऱ्या कानाला. ते चालू आहे का, हे पाहायला त्यांनी सेकंदकाट्याकडे नजर टाकली. काटा फिरत होता.

“कोणाला सांगू नका,” आबा म्हणाले. “पोरीलाही नाही.” नाना हो म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी जळगावहून स्पीकरला आवाज पोचवणारा, मोठ्या गाभ्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणून बसवला. खालचे स्वर आबांना अजून ऐकू येत होते, म्हणून ते भरदार यावेत एवढ्यासाठी. आबा त्यानंतर पखवाज आणि खर्जातलं गाणंच लावू लागले, तेव्हा मला वाटलं होतं की वयानुसार आवड बदलली.

इथे माझी चूक लिहायलाच हवी. तो आवाज मला पहिल्यापासून चांगला वाटत होता. पण आमच्या घरात गाण्यातलं कळतं ते आबांना, अशी लहानपणापासूनची सवय. म्हणून मी माझ्या कानांना गप्प केलं आणि एका सज्जन माणसाला तसं पत्र लिहिलं.

मी जळगावला गेले. नाना एका व्हॉल्व्हच्या बुडाच्या पिना घासून साफ करत होते. मी विचारलं, “तुम्ही तेव्हा मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. ज्यांचे कान, त्यांना.”

“आणि मंडळाचं काम गेलं, त्याचं काय?”

“बरंच झालं. ते मशीन केवढं जड आहे! माडीवरून उतरवताना माझी कंबर गेली असती.” ते हसले. मग खाली बघत म्हणाले, “वाईट वाटलं होतं बाई. आठ-दहा दिवस तारा जोडताना कथलाचा डाग नीट बसत नव्हता. चहा घेता ना?”

नानांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी आबांना विचारलं, हे लिहू का? पाटीवर लिहून विचारावं लागलं. आबा घरात प्रमाण मराठी बोलतात, पण मनातलं बोलायचं असलं की अहिराणीवर येतात. म्हणाले, “लिखी टाक. बठ्ठासले सांग, मशीन चांगलं व्हतं, मना कान गयात.”

सगळ्यांना सांग म्हणाले, ते मी इथे सांगितलं.

आता ट्रान्झिस्टरचे हलके अॅम्प्लिफायर आले आहेत. तरी मंडळाच्या माडीवर तो जुना, जड अॅम्प्लिफायर अजून आहे आणि अजून घोगराच वाजतो. हे वाचणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे, की तो आता नानांकडे पाठवावा. नानांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचे हात असेच स्थिर राहोत, कान असेच तीक्ष्ण राहोत आणि पुढची कितीतरी वर्षं एकेक भाग बदलत, आठ-आठ दिवस ऐकत निवांत जावोत. कमरेची काळजी त्यांनी करू नये. मशीन माडीवरून आम्ही उतरवू, आणि जळगावपर्यंत मी ते मांडीवर घेऊन येईन.