ही माझ्यासोबत नाही

"ही तुझ्यासोबत आहे का?" बारच्या दारावरच्या माणसाने लुकासला विचारलं.

लुकासने आत बघितलं. त्याच्या देशातले, त्याच्यासारखेच गोरे तिघे मित्र टेबलाशी बसून आमच्याकडेच बघत होते.

"नाही," तो म्हणाला. आणि आत गेला.

थायलंडमधलं एक बेट. संध्याकाळचे सात. मी डायव्हिंग शिकवायचा कोर्स करायला गेले होते, तोही त्याच वर्गात. तीन आठवडे हा माणूस माझा हात धरून किनाऱ्यावर फिरला होता. पण फक्त माणसं नसतील तिथेच. हे मला त्या दारात कळलं.

दारवान माझ्याच रंगाचा. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझ्यासारख्या इथे गिऱ्हाईक शोधत उभ्या राहतात. पुढे हो."

माझ्यामागून दोन गोऱ्या पोरी आल्या. ओल्या कपड्यांत, अनवाणी. त्यांना कोणी काही विचारलं नाही. माझ्या अंगावर नवा निळा ड्रेस. मी पर्समधून पासपोर्ट काढला. दाखवायला! त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी लुकास म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस."

मी ते गिळलं. कोर्स संपवून तारकर्लीला परत आले.

माझा बाप किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा मच्छीमार. मी गावातल्या डायव्हिंग सेंटरवर पर्यटकांना पाण्याखाली नेते. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. पुढच्या हंगामात एका सकाळी लुकास तिथे येऊन उभा. सेंटरवर धावपळ. खुर्ची आली, शहाळं आलं, कामावरच्या पोरांनी सेल्फी काढले. उजाडल्यापासून नंबर लावून बसलेलं कोल्हापूरचं कुटुंब मागे सरकवलं.

तो हात पसरून माझ्याकडे आला. "संध्याकाळी जेवायला जाऊ या ना?"

भाऊ म्हणाले, "ह्येका तूच घेऊन जा गो पाण्यात."

"माका जमाचा नाय."

"कित्या? गोरो पाव्हणो आसा. असो परत गावाचो नाय."

मग मी सांगितलं. बारचं दार, दारवान, त्याचं ते 'नाही'. आधी इंग्रजीत, त्याला कळावं म्हणून. मग मालवणीत, सगळ्यांना कळावं म्हणून. लुकास लाल झाला. "इथे, सगळ्यांसमोर?"

"तिथेही सगळ्यांसमोरच झालं."

तो गेला. भाऊंनी मला चार दिवस घरी बसवलं.

वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. घरात पाय ठरेना. आई म्हणाली, "आता कित्याक तळमळतस?" तिला काय सांगू?

मी थायलंडला जायच्या आदल्या वर्षी पुण्यात शिकणारी केनियाची एक मुलगी आमच्याकडे आली होती. एकटीच. तिला मास्क चढवताना पोरं म्हणाली, "पाण्यात रंग जाता काय बघ रे." सगळे हसले. मीही हसले. तिने मला विचारलं, "काय म्हणाले ते?"

मी म्हणाले, "काही नाही. तू छान दिसतेस म्हणतायत."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. पाण्याखाली अर्धा तास ती माझा हात धरून होती, कारण दुसऱ्या कुणाचा धरणार?

त्या बारच्या दारात मी जशी उभी होते, तशीच ती आमच्या होडीत बसली होती. आणि तिथे दारवान मी होते.

पाचव्या दिवशी मी सेंटरवर गेले. भाऊंना आणि पोरांना समोर बसवलं. म्हणाले, "नंबर येईल तसा माणूस पाण्यात जाईल. मग तो गोरा असो, काळा असो. पाहुण्यांच्या रंगावर कोणी बोललं, तर ते मी त्या पाहुण्यांना इंग्रजीत सांगेन. शब्दन् शब्द. हसणाऱ्याचं नावही सांगेन."

भाऊ म्हणाले, "मगे तुझी नोकरी ऱ्हवाची नाय."

नाही राहिली तर दुसऱ्या होडीवर जाईन. तिथेही पहिल्याच दिवशी हेच सांगेन.