तिले विचारलं काय?

लॉनला पाणी द्यायच्या आधी आमचे माळीभाऊ गुडघ्यावर बसत, उजव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसत आणि क्षणभर डोळे मिटत. मग बोट धोतराला पुसून सांगत, "नाई म्हणते."

म्हणणारी ती म्हणजे जमीन. ती नेहमीच नाही म्हणते, अशी मॅनेजरसाहेबांची तक्रार होती.

मी तेव्हा जंगलाच्या कडेला, मोहर्लीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये नुकतीच लागले होते. माझ्या टेबलावर 'पर्यावरण समन्वयक' अशी पाटी होती. तुम्हीही अशा पाट्या पाहिल्या असतील. त्यांच्यामागे बहुधा माझ्यासारखंच कोणीतरी बसलेलं असतं. शिक्षण चंद्रपुरात, पण इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलायचो, ती जेवायला वाढण्यापुरती. बोलायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य लिहायचे, मग ते तपासायचे, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

पहिल्याच आठवड्यात चार बाया लॉनवर ओळीने बसलेल्या दिसल्या. मी भाऊंना विचारलं, काय चाललंय?

"काई नाई म्याडम. सकाळपासून लॉन निंदून राह्यलो."

मी समजूतदारपणे मान हलवली आणि अहवालात लिहिलं : माळी व मजूर स्त्रिया लॉनबद्दल उघडपणे वाईट बोलतात, त्यांच्यात नाराजी दिसते.

साहेबांनी भाऊंना बोलावून विचारलं, लॉनने तुमचं काय बिघडवलं? निंदणं म्हणजे तण उपटणं, हे मला त्या दिवशी अख्ख्या स्वयंपाकघरासमोर कळलं. सगळे हसले. भाऊ तेवढे हसले नाहीत. नंतर हळूच म्हणाले, "तसं तुमचं चूक नाई जी. निंदा पण करतोच मी त्याची. जंगलाच्या तोंडाशी कोणी अशी हिरवी सतरंजी टाकते काय?"

तणनाशकाची बाटली त्यांनी न उघडताच शेडमधल्या फळीवर ठेवून दिली होती. साहेब विचारत तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "सकाळी चितळ येते चरायले. त्याले जहर काऊन पाजू?"

फाल्गुनात साग झडला आणि मी 'पर्यावरणस्नेही लॉन' असा आराखडा तयार केला. त्यात रंगीत चौकटी होत्या. पाणी क्वचित, पण खोलवर द्यावं. गवत फार बुडाशी कापू नये. पाला जाळू नये, झाडांच्या बुडाशी पसरावा. भाऊंना उभं करून मी तो सगळा मोडक्या मराठीत वाचून दाखवला. वाचता वाचता नजर गेली, तर मोगऱ्याच्या बुडाशी सागाची पानं घोटाभर पसरलेली. गवत कापायच्या यंत्राचं पातं आधीच वर चढवलेलं. मी त्यांचंच काम इंग्रजीत लिहून त्यांना शिकवत होते.

"चांगलं लिवलं," भाऊ म्हणाले. "अजून एक लिवा. चैतात गवत झोपते. पिवळं दिसते, पण मरत नाई. झोपलेल्याले कोणी पाणी पाजते काय?"

तेही मी लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

मग एक दिवस साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, उन्हाळी सुट्टीचे पाहुणे यायच्या आत लॉन हिरवं दिसलं नाही तर माळी बदलणार. त्या दुपारी भाऊ पहिल्यांदाच आपणहून माझ्या टेबलाशी आले. पाटीकडे पाहत उभे राहिले.

"म्याडम, पोरीले औंदा चंद्रपूरले शिकायले ठेवाचं आहे. ही नोकरी पाहिजे मले. तुमी सांगसान ना साहेबाले?"

"सांगते ना भाऊ. ते माझ्या आराखड्यातच आहे."

एप्रिलमध्ये साहेब लॉनवर आले. लॉन कापणीला आलेल्या गव्हासारखं पिवळं झालं होतं. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य लिहायला घेतलं. 'सर, हा माझा निर्णय' म्हणावं की 'आमचा निर्णय'? 'माझा' म्हटलं तर भाऊंचं श्रेय जाईल, 'आमचा' म्हटलं तर दोषात भाऊही येतील. एवढा बारीक विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. शेवटी 'माझा' ठरलं. तोंड उघडलं.

"मीच जी," भाऊ म्हणाले होते.

दुपारपर्यंत नवीन माणूस पाइप घेऊन हजर होता, आणि भाऊ मार्कंड्याकडच्या त्यांच्या गावी निघून गेले होते.

दोन दिवसांनी मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. शब्द बरोबर होते, दिवस तेवढा चुकला. साहेबांनी विचारलं, "मग तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?" याचं उत्तर मी अजून तपासते आहे. "बोलवा त्याला," ते म्हणाले.

मी फोन लावला.

"नाई येत म्याडम. भावासंगं तलावावर जातो आता, मासोळ्या धरायले. एकदा हाकललं, आता पुन्हा नाई."

"आणि मुलीचं शिक्षण?"

"पाहू पुढच्या साली."

मी मनात वाक्य लिहू लागले, पण आधी हुंदकाच निघाला. ते म्हणाले, "रडू नोको माय. लाजाळूले हात लावला का ते मिटतेच. त्याच्यावर कोणी राग धरते काय? उघडते मंग आपल्या मनानं." मग त्यांनी विचारलं, "आज पाणी देल्लं काय?"

"नवीन माणूस देतो आहे."

"तिले विचारलं काय?"

मी फोन ठेवला आणि लॉनच्या मधोमध गुडघ्यावर बसले. नागपूरचं एक पाहुणं कुटुंब चहा पीत होतं. मी बोट मातीत खुपसलं आणि डोळे मिटले.

"अंगठी हरवली का हो?" पाहुण्या बाईंनी विचारलं. मी वाक्य जुळवेपर्यंत त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई असे तिघं माझ्याभोवती ओणवे होऊन गवत चाचपू लागले होते. नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. बराच वेळ आम्ही चौघं, माझ्याकडे कधीच नव्हती ती अंगठी शोधत राहिलो.

बोटाला खाली ओल लागत होती. मी उठले, नवीन माणसाच्या हातातला पाइप घेतला आणि नळ बंद केला.

"काऊन म्याडम?"

"नाई म्हणते," मी म्हटलं. हे वाक्य मात्र मी आधी तपासलं नव्हतं.