मालकाला उभं करणारी सिस्टर

रागिणी सिस्टर सेनगावची. रोज जीपनं हिंगोलीला येती, आयसीयूत आठ-आठ घंटे उभी ऱ्हाती, अन् तोंडानं लई फटकळ. आधी मला ती पटलीच न्हाई. माह्या जिवाला घोर, अन् ही बाई हात धुवून मालकाच्या मागं. "नामाजीबाबा, आज वार कोणता? आपुन कुठं हावोत?" मरणाच्या दारातल्या माणसाला काहून शाळा शिकवावी म्हणते मी?

मालकाला, म्हंजे माह्या नवऱ्याला, न्युमोनिया झालता. पाच दिवस मशीनवर काढले. घशातली नळी निघली, श्वास चालू झाला, पण माणूस काही परत आला न्हाई. मला वळखंनात. भिंतीकडं बघून मेंढरं हाकून राहिले, सलाईन ओढून राहिले. दीर म्हणला, बाहेरचं लागलं.

"बाहेरचं काही न्हाई, मावशी," सिस्टर म्हणली. "मोठ्या आजारात डोकं गोंधळतं. दिवसा उजेड, रात्री झोप, घरच्याचा आवाज. अन् उद्या उभं करू."

उभं? हातपायाच्या काड्या झालेल्या. पडले तर? दम कोंडला तर?

सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं वळली अन् मालकानं पुन्हा सलाईन धरली. मी घाबरले. पदराची किनार फाडली अन् लोकर कातरताना मेंढराचे पाय बांधतो तशी गाठ दोन्ही मनगटाला मारून हात खाटेला बांधले. वाटलं, बेस झालं. पण मालक असे आरडाय लागले की अंग घामानं भिजलं. सिस्टर पळत आली. तिला गाठ सुटंना.

"सोडा आधी! बांधलं की माणूस जास्त भितं, मावशी."

"मला अडाणीला काय ठाव?"

"तुमाला न्हाई तर कोणाला? मेंढरू आजारानं खाली बसलं तर बसू देता का?"

न्हाई देत. पोटाखाली हात घालून उठवतो, न्हाईतर ते मरतं. मी मुकाट गाठ सोडली.

सकाळी डॉक्टरला इचारून सिस्टरनं मालकाला खाटेच्या कडेला बसवलं. मी देव पाण्यात घातले. तिनं अन् वॉर्डबॉयनं उभं केलं तसा मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली आला. तिनं लगेच बसवलं. आकडा चढस्तोवर थांबली. मग पुन्हा उभं केलं. एक पाऊल, दोन, तीन. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून तिनं गुडघ्यावर चादर टाकली, डोळ्याला चष्मा लावला.

"बाबा, ह्या कोण?"

मालक लई वेळ बघत राहिले.

"पंचफुला," म्हणले.

माह्या डोळ्याला धार लागली. मी हात धरायला पुढं झाले. मालकानं गाठीचे वळ उठलेले दोन्ही हात झटकन चादरीखाली दडवले.

सिस्टरनं एक स्टूल आणून ठेवलं. मी बसले, अन् हात माह्या मांडीवरच ठेवले.