समोरच्या लॉजचा मॅनेजर

नांदेडला स्टेशनजवळ माझं लहानसं लॉज आहे. नवा पर्यटन कर लागला आणि माझी बुकिंगं रद्द होऊ लागली. समोरचं लॉज मात्र भरलेलंच. तिथल्या मॅनेजरचं नावही मला ठाऊक नाही, पण दाढीवरून हात फिरवत पाहुण्यांना आत नेताना तो दिसला की माझा जळफळाट व्हायचा.

एकदा कराचं ऐकून माझ्याकडून उठलेलं म्हातारं जोडपं त्याच्याकडे गेलं. गल्ली अरुंद, सगळं ऐकू येत होतं.

"कर तर इथं बी हाय, मावशी," तो म्हणाला. "पण आधी बसा. लई दुरून आलात."

ती दोघं तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरपुढे खुर्च्या मांडल्या. पण त्याच्यासारखं 'मावशी' मला अजून म्हणता येत नाही.