सात नंबरच्या घड्याळाचा कागद

तेजराम रहांगडाले आमगावजवळच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती होती, पण वाटेकरी भाऊ चार. म्हणून तो लहानपणीच गोंदियाला एका घड्याळजीच्या दुकानात बसला. दहा वर्षं डोळ्याला भिंग लावून तो काम शिकला. भिलाईत कारखाना उभा राहू लागला तेव्हा गावोगावची माणसं तिकडे निघाली, त्यांत तोही निघाला. फावडं उचलायला नाही, तर घड्याळं तपासायला.

बांधकामाच्या एका मोठ्या ठेकेदार कंपनीत त्याला ही नोकरी मिळाली. कंपनीकडे अकरा क्रोनोग्राफ होते. म्हणजे मनगटी घड्याळासारखंच घड्याळ, पण बाजूला दोन बटणं. एक दाबलं की लांब काटा पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. दुसरं दाबलं की शून्यावर येतो. कोणत्या कामाला किती मिनिटं लागतात हे मोजायला बाबू लोक ती घेऊन साईटवर फिरत. मजुरांची एक फेरी, क्रेनचा एक फेरा, काँक्रीटची एक गाडी, सगळं त्या काट्यावर मोजलं जाई. म्हणून ती घड्याळं दर आठवड्याला तपासायची असत.

तेजरामची खोली पत्र्याची होती. भिंतीवर मोठं घड्याळ, आणि ते तो रोज सकाळी रेडिओच्या आठच्या ठोक्यांशी मिळवून घेई. क्रोनोग्राफला पूर्ण चावी द्यायची, त्या मोठ्या घड्याळाशी लावायचं आणि एक दिवस तबकडी वर करून, एक दिवस खाली करून, एक दिवस उभं ठेवायचं. त्यातही काही तास लांब काटा चालू ठेवून बघायचं, कारण तो काटा ओढताना घड्याळाच्या जिवावर येतं आणि चाल बदलते. दिवसाला किती सेकंद पुढे, किती मागे, ते छापील कागदावर भरायचं आणि खाली सही करायची. असे तीन दिवस गेले की एका आठवड्याचा कागद पुरा होई. साईटचे इंजिनियर साहेब त्या कागदाकडे बघतही नसत. म्हणत, "तेजराम की सही है, देखना क्या."

हे ऐकायला तेजरामला फार आवडे.

एकोणीसशे साठच्या पोळ्याला तो गावी गेला. बायकोला, कमलाला, आणि वर्षाच्या नलूला गावी सोडायचं होतं. भावांनी आग्रह केला म्हणून दुसऱ्या दिवशीचा मुलांचा तान्हा पोळाही करून निघाला. परतला तेव्हा कागद द्यायला एकच दिवस उरला होता. त्या एका दिवसात त्याने दहा घड्याळं जमतील तशी बघून घेतली. सात नंबरचं आलंच नव्हतं. ते हिरालाल नावाच्या बाबूकडे होतं आणि हिरालाल भंगाराच्या यार्डात माप घेत होता. तिथे मोठ्या लोहचुंबकाची क्रेन लोखंडाचे तुकडे उचलत असे.

सात नंबरचं घड्याळ गेले तीन महिने दिवसाला तीन-चार सेकंद पुढे जात होतं. त्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. तेजरामने मागचा कागद समोर घेतला आणि लिहिलं: चार, तीन, चार. सही केली.

पुढच्या आठवड्यात तेच घड्याळ घेऊन हिरालाल कोक भट्टीकडे गेला. तिथे वॅगनमधून भट्टीच्या विटा उतरवायचं काम चाललं होतं. बारा बायकांची टोळी होती, आणि मुकादम होती भागीरथा मेश्राम, साकोलीकडची. डोक्यावर विटा घेऊन वॅगनपासून भट्टीपर्यंत जायचं आणि रिकामं परत यायचं. एका फेरीला सव्वासहा मिनिटांची मुदत होती. हिरालालने तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवस फेरी साडेसहा मिनिटांवर गेली. टोळी सुस्त आहे, असा शेरा पडला.

भागीरथाने ते मानलं नाही. तिला साहेबांच्या कचेरीत बोलावलं, आणि घड्याळाचा माणूस म्हणून तेजरामलाही बोलावलं. हिरालाल घड्याळ टेबलावर ठेवून उभा होता.

भागीरथा पदर खोचून दारातच उभी राहिली. म्हणाली, "साहेब, आमी आठच्या भोंग्याले हात लावला. मुंबईकडली प्याशिंजर अकराले जाते. ते जायच्या आधी वॅगन खाली झाली, तीनही दिवस. फेरी साडेसहाची असती तं गाडी कवाच निघून गेली असती. मंग आमी सुस्त कशा?"

साहेब हसले. "गाडी का क्या भरोसा, बाई. घड़ी का भरोसा है." मग तेजरामकडे वळून त्यांनी विचारलं, "घड़ी ठीक थी?"

भागीरथाने तोवर तेजरामचं बोलणं बाहेर ऐकलं होतं. ती त्याला म्हणाली, "भाऊ, तुमी आपल्याकडलेच दिसता. एकडाव पाहून घ्या ना. आमी थांबतो."

अर्धा तास मागितला असता तरी पुरे होतं. घड्याळ तिथेच होतं. पण अर्धा तास मागायचा म्हणजे त्या कागदावर आपलाच विश्वास नाही असं साहेबांपुढे कबूल करायचं. तेजराम म्हणाला, "पाहाची गरज नाई. कागद समोर हाये."

  दुसऱ्या दिवशी त्या बारा जणींचे गेटपास काढून घेतले आणि विटांचं काम दुसऱ्या टोळीला दिलं.

तेजरामने सात नंबरचं घड्याळ खोलीत आणलं. त्याने आधी एक छोटं होकायंत्र जवळ नेलं. सुई थरथरली आणि फिरली. म्हणजे घड्याळाला चुंबक लागलं होतं. मग चावी दिली, काटा सोडला, आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर तासभर बसून राहिला. तासात घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं. यार्डातल्या क्रेनच्या चुंबकाने आतल्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले होते, म्हणून ते धावत होतं. त्या बायकांची सहा मिनिटांची फेरी घड्याळाने साडेसहा करून दाखवली होती.

त्या क्षणी घड्याळ तसंच उचलून साहेबांकडे न्यायला हवं होतं. तेजरामने दार लोटून घेतलं. घड्याळातलं चुंबकत्व उतरवायचं विजेचं वेटोळं काढलं, घड्याळ त्यातून दोनदा हळू ओढलं आणि पुन्हा लावलं. घड्याळ बरोबर चालू लागलं. आता कोणी कितीही तपासलं असतं तरी काही सापडलं नसतं. त्या आठवड्याच्या कागदावर त्याने लिहिलं: तीन, चार, तीन. हे आकडे तर खरे होते.

पहिली चूक आळसाची होती, असं तो मनाशी म्हणू शकत होता. ही दुसरी त्याने दार लावून केली होती.

त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. विटांच्या वॅगनवर नवी टोळी दिसली की तो मान खाली घाली. दिवाळीच्या आधी साहेबांनी सगळ्या बाबूंना जमवलं आणि त्यांच्यासमोर म्हणाले, काम करावं तर तेजरामसारखं. हिरालालने टाळ्या वाजवल्या.  तेजराम कपातला चहा तसाच ठेवून बाहेर निघून गेला.

कमला परत आली होती. तिने विचारलं, "काहून तुमी असे करून राहिले? ताप-बिप हाये का?" तो म्हणाला, "नाई." तिला सगळं सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याने सांगितलं नाही.

एका रविवारी तो सायकलने दुर्गला गेला. ती टोळी तिकडे कुठेतरी आहे असं ऐकलं होतं. दोन-तीन ठिकाणी विचारत गेला तेव्हा एका इमारतीच्या पायाजवळ भागीरथा गिट्टी फोडताना सापडली. त्याला बघून तिने हातोडी खाली ठेवली.

"बाई," तेजराम म्हणाला, "ते घड्याळ चुकलं होतं. मी पाह्यलंच नव्हतं. कागद मनानंच भरला होता. मंग चूक सापडली तं मीच ते दुरुस्त करून टाकलं."

तो तिच्याकडे बघू शकला नाही. शिवी येईल असं त्याला वाटलं. ती आली असती तर बरं वाटलं असतं.

भागीरथा म्हणाली, "मी तुमाले थांबतो म्हणलं होतं."

"होय."

"तई तुमी साहेबासमोर बोलले. आता हे बी त्याच्याच समोर बोला. इथं गिट्टीवर बोलून मले काय भेटन?"

सोमवारी तेजराम साहेबांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले की घड्याळ आता ठीक आहे, दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे, सोडून दे. तेजराम म्हणाला, "मैं लिखके देता हूँ, साहब." त्याने लिहून दिलं. कागद वर गेला म्हणून साहेबांना पुढे काही करणं भाग पडलं. ते चिडले. तेजरामला घड्याळाच्या खोलीतून काढून स्टोअरमध्ये पाठवलं. आणि म्हणाले, त्या बायकांना परत घ्यायचं तर नावं दे.

ठेकेदाराच्या मुन्शीकडे नुसतं लिहिलेलं होतं: भागीरथा टोळी, बारा. तेजरामला एकच नाव माहीत होतं. बाकी अकरा जणींना घरी बसवलं ते आपण, आणि त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, हे त्याला तेव्हा कळलं. नावं विचारायला तो पुन्हा दुर्गला गेला. ते जाणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

भागीरथा बोटांवर मोजत एकेक नाव सांगत गेली. सिंधू, अन्नपूर्णा, मथुरा... रत्नमालाचं नाव घेऊन ती थांबली. "ते गावाले गेली. येत नाई आता. तिच्या नवऱ्यानं म्हणलं, कामावरून काहाडली म्हणजे तुयंच काही चुकलं असन." तेजरामने ते नावही लिहिलं.

बारांपैकी सात जणी परत आल्या. भागीरथा आली. गेटवर पास घेताना तिने तेजरामला पाहिलं, पण थांबली नाही, आणि त्याने हाक मारली नाही.

पुढे ठेकेदार गेला, तेजरामला कारखान्यात नोकरी लागली. घड्याळाचं काम त्याला पुन्हा देऊ करण्यात आलं होतं. त्याने घेतलं नाही. कामावरून परतताना विटांच्या वॅगनजवळून जवळचा रस्ता होता. तो लांबच्या रस्त्याने सायकल काढी, रोज वीस मिनिटं उशिरा घरी येई. त्या टोळीतल्या बायका तिथून कधीच्याच गेल्या तरी त्याने रस्ता बदलला नाही. कमला विचारी, तो म्हणे, गर्दी असते. खरं कारण त्याने तिला सांगितलं तेव्हा नलूचं लग्न होऊन गेलं होतं. कमला तांदूळ निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "रत्नमालाचं मंग काय झालं?"

त्याला माहीत नव्हतं.