दोन किल्ल्यांचं टपाल

काही माणसं गाण्यासाठी जन्माला येतात, काही भांडण्यासाठी. आमचे चेन्नईचे घरमालक कुलूप लावण्यासाठी जन्माला आले होते. अड्यारला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी पाच वर्षं भाड्याने राहिलो आणि या पाच वर्षांत त्या घरातली उघडी वस्तू म्हणून मी फक्त खिडकीतला वारा पाहिला. फ्रिजला कुलूप होतं, टपालपेटीला होतं, तुळशीच्या कुंडीला सायकलची साखळी होती. घरात राहत ते एकटे. "मामा, चोरणार कोण?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अप्पा, स्टोअरांत चोरी कराचा तो घरचाच माणूस अस्तो." संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं स्टोअरकीपरचं काम केलं होतं आणि निवृत्त होताना बहुधा ते स्टोअरच डोक्यावर घेऊन घरी आले होते. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला. मी हौसेने एक लाल बादली विकत आणली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिच्यावर एकशे सत्तावीस. एक चमचा हरवला तेव्हा तर त्यांनी माझ्यासमोर छापील नमुन्यासारखं नुकसानपत्रक आखलं. वस्तूचं नाव, तारीख, वजन, तपशील, नुकसानीचं कारण, आणि खाली दोन सह्या. चमचा नंतर सांडशीच्या मागे सापडला, पण पत्रकावर सह्या झाल्यामुळे तो कागदोपत्री मेलेलाच राहिला.

मामा तंजावरकडचे. मी साताऱ्याचा, त्यामुळे आपण शुद्ध मराठी बोलतो असा माझा समज होता. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. "तुमची मराठी काल आली. आमची राजवाड्यांतली," असं म्हणून ते मला वाडगाभर अम्टी देत. माझ्यासारखा सॉफ्टवेअरवाला भाडेकरू मिळाल्यावर त्यांनी संगणक घेतला, तो फक्त एका माणसासाठी. तंजावरला त्यांची थोरली बहीण होती. शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला. मामांनी लग्न केलंच नव्हतं, म्हणजे दोघांना मिळून दोघंच. ही अक्का दर शुक्रवारी दुपारी छत्री घेऊन ब्राउझिंग सेंटरला जाई आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, तंजावरी मराठी पत्र लिही. घरातली जुनी गाणी, आईच्या हातचे पदार्थ, कोण आजारी, कोणाचं लग्न मोडलं, अस्कं, म्हणजे सगळं. मी शिकवताना मामांनी तिला पहिलं पत्र पाठवलं होतं, 'टेस्ट' अशा मथळ्याचं. नवं पत्र कसं काढायचं हे अक्का कधी शिकलीच नाही. ती त्या एकाच पत्राला चार वर्षं उत्तर देत राहिली. त्यामुळे तिच्या प्रत्येक पत्राचा मथळा एकच, 'री: टेस्ट'.

पत्र शुक्रवारी संध्याकाळी उतरवून घ्यायचं, वहीत आवक नोंदवायची, आणि वाचायचं मात्र शनिवारी सकाळी आंघोळ झाल्यावर, असा मामांचा नियम. आलेला माल त्याच दिवशी फोडायचा नसतो म्हणे. संगणकासमोर ते चप्पल काढून बसत. पत्र वाचताना त्यांचे ओठ हलत आणि मधूनच ते खाली मान घालून एकटेच हसत. कुलपाच्या माणसाचा चेहरा तेवढा अर्धा तास उघडा असे.

आता अशा मौल्यवान मालाला कुलूप नको? कारखान्यात महत्त्वाच्या कोठाराला दोन कुलपं असत, दोन किल्ल्या दोन माणसांकडे, आणि एकाने दुसऱ्याची किल्ली बघायचीसुद्धा नाही. मामांनी टपालाच्या फाईलला तसाच पासवर्ड घातला. पहिला अर्धा त्यांचा, दुसरा माझा. मी टाइप करत असताना ते भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभे राहिले. "लिहून ठेवाचं नाही," त्यांनी बजावलं. मला हसू आवरत नव्हतं. त्या भरात मी काहीतरी चार-पाच अक्षरं बडवली आणि जेवायला गेलो. पुढे त्यांच्या संगणकाने तो पासवर्ड स्वतःच लक्षात ठेवला, त्यामुळे चार वर्षांत मला कुणी तो विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.

मग एका शुक्रवारी अक्काचं पत्र उतरत असतानाच करंट गेला. चेन्नईत करंट जाण्याचं कुणाला काय, पण तो आल्यावर फाईल उघडेना. आतलं काहीतरी बिघडलं होतं. त्या काळी फुकटच्या टपालपेटीत जागा चिमूटभर, म्हणून पत्रं मामांच्या संगणकावर आली की तिकडची पुसली जात. अक्काकडे प्रत राहत नसे. म्हणजे चार वर्षांची दोनशेवर पत्रं त्या एका फाईलीत, आणि वर ते न वाचलेलं शेवटचं.

मामांनी शनिवारी तंजावरला फोन लावला. अक्काचा आवाज थकलेला होता, दोन दिवस ताप होता म्हणाली. "पत्रांत काय लिव्हलीस, सांग की," मामा म्हणाले. फोनचा आवाज एवढा मोठा ठेवलेला की मला जिन्यात ऐकू आलं, "फोनांत सांगाचं अस्लं तर लिव्हते कशाला? वाच आणि मग ये!" मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्र वाचूनच जातों. नाही तर दारांतच विचारल, न वाचता आलास का म्हणून." त्यांनी बॅग भरली, तिला कुलूप लावलं आणि ती दाराशी ठेवली. आता सगळं माझ्यावर होतं.

मी फाईल सीडीवर घेतली आणि सोमवारी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात नेली. दुरुस्तीच्या प्रोग्रामने पहिल्याच पायरीवर पासवर्ड मागितला. मामांनी आपला अर्धा मला कागदावर, पाकिटात, लाखेची मोहोर लावून दिला होता. नियम मोडताना त्यांना किती यातना झाल्या असतील ते पाकिटावरूनच दिसत होतं. आणि माझा अर्धा? मला आठवेना. गावाचं नाव, कुत्र्याचं नाव, शिव्या, सगळं घालून पाहिलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. संध्याकाळी बसमधून उतरून घरी जावं, तो मामा फाटकाशी उभे. "काम चालू आहे मामा," मी म्हणे. "सरी, सरी," ते म्हणत, म्हणजे बरं बरं, आणि दाराशी ती बॅग. शेजारच्या टेबलावरच्या कुणालाही मी विचारू शकलो असतो. पण सहा वर्षं या धंद्यात काढलेला माणूस स्वतःचीच पाच अक्षरं विसरला, हे सांगायची मला लाज वाटली. त्या लाजेत मी बुधवारही घालवला.

गुरुवारी सकाळी तंजावरहून फोन आला. तापातच, झोपेत, अक्का गेली होती.

मामांनी बॅग उचलली. कुलूप तसंच होतं. मी रिक्षात त्यांच्या शेजारी बसलो आणि एग्मोर स्टेशन येईपर्यंत सगळं सांगून टाकलं, रडत रडत. वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढील, काढावंच. त्यांनी बॅगचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाले, "चूक माझी अप्पा. तिसरी किल्ली ठेवाची होती." या वाक्यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ते तंजावरला असताना मी ऑफिसात शेवटी तोंड उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या तमिळ मुलीने दोन मिनिटांत फाईलचं कुलूप उडवलं. "हे कुलूप नुसतं शोभेचं असतं, तुला माहीत नव्हतं?" ती इंग्रजीत म्हणाली. आत पत्रांची यादी निघाली. तारीख, मथळा, आकार. पत्रं उघडली तर प्रत्येक कोरं. सगळी यंत्रं लावून झाली, एक अक्षर परत आलं नाही. 'री: टेस्ट', 'री: टेस्ट', दोनशे अकरा ओळी. हे मला सोमवारीच कळलं असतं तर मामा त्याच संध्याकाळी गाडीत बसले असते, आणि दारात शिव्या खात का होईना, तिच्या तोंडून ऐकलं असतं. फाईल वाचणार नव्हतीच. पण तीन दिवस मी घालवले होते.

तेराव्यानंतर मामा परतले. मी यादी छापून दिली. त्यांनी चष्मा लावला, फूटपट्टी काढली आणि नुकसानपत्रक आखायला घेतलं. दोनशे अकरा ओळी. प्रत्येक पत्राची तारीख, आणि वजनाच्या रकान्यात आकार, चार केबी, तीन केबी. तपशिलाच्या रकान्यात ते आठवून आठवून लिहीत. 'वांग्याची गोजू, आईची रीत.' 'पाळण्याचं गाणं, दोन कडवी.' काही ओळींपुढे 'स्मरत नाही'. तीन आठवडे रोज सकाळी दहा ओळी होत, आणि प्रत्येक ओळीपुढे मी दुसऱ्या किल्लीचा माणूस म्हणून सही करी. नुकसानीच्या कारणात मला माझं नाव घालायचं होतं. त्यांनी सगळीकडे 'करंट गेला' एवढंच लिहिलं.

शेवटच्या ओळीशी ते थांबले. वजन अकरा केबी. कुठलंच पत्र पाचावर गेलेलं नव्हतं. त्यांनी फूटपट्टी त्या आकड्याखाली धरून ठेवली आणि मला विचारलं, "एवढं काय होतं रे अप्पा, तिला सांगाचं?" तपशिलाचा रकाना त्यांनी कोरा सोडला. मी सही केली.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. निघताना मामांनी माझ्या सामानाचा गेटपास केला, एकशे सत्तावीस नंबरच्या लाल बादलीसकट. परवा त्यांना पत्र लिहायला बसलो होतो. माफी मागितली, सगळी हकीकत पहिल्यापासून मांडली, तब्येत विचारली, आठवलं तेवढं सगळं सगळं लिहिलं आणि आकार पाहिला. चार केबी भरले होते.